सावलीच्या क्यारीत पेव: इंदुरात जगेल का?

आंबोलीची_वाट
१० मे, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझं माहेर सावंतवाडीकडचं. लग्न होऊन इंदूरला आले त्याला अकरा वर्षं झाली. राजेंद्र नगरात घर आहे, मागच्या बाजूला उत्तरेकडे चौदा फूट बाय चार फुटांची क्यारी. तिथे गुलाब होते, शेवंती होती. दोन वर्षांपूर्वी मागच्या प्लॉटवर तीन मजले चढले आणि क्यारी सावलीत गेली. गुलाब एकेक करून वाळले. आता तिथे सकाळी तासभर तिरकं ऊन येतं, बाकी दिवसभर सावली.

माहेरी परसाच्या कडेला, फणसाखाली पेव उगवायचं. कोणी लावलेलं नव्हतं, आपलं आपणच यायचं. श्रावणात लाल कणसातून एकेक पांढरं फूल, चुरगळलेल्या मलमलीसारखं. लहानपणी ते फूल आम्ही भातुकलीत पदर म्हणून वापरायचो. या सावलीच्या क्यारीत तेच लावावं असं फार मनात आहे. पण तिकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर आणि इथे जेमतेम ९५०. वर मे महिन्यातली ही झळ. कोणी इंदुरात पेव वाढवलंय का? माती काय करावी लागेल?

---

सराफ्याची_रात्र
१० मे, दुपारी ४:०२

ताई, मी धाग्याचं नाव वाचून धान्याचं पेव समजलो! आमच्या आजोळी वाड्यात होतं, जमिनीत खोल, ज्वारी ठेवायचे. म्हटलं राजेंद्र नगरात कोण पेव खणतंय :)
फुलाचंही हेच नाव असतं हे आज कळलं. फोटो टाका ना.

---

आंबोलीची_वाट
१० मे, दुपारी ४:२०

@सराफ्याची_रात्र, फोटो नाही हो, तेव्हा कुठे मोबाइल होते. फुललं की इथलाच टाकेन. आणि ते कंदातून असं भराभर वाढतं की 'पेव फुटणं' ह्यावरूनच आलं असेल असं मला लहानपणी वाटायचं.

---

माळवी_माती
१० मे, रात्री ९:४५

ताई, नक्की लावा. मी रामबागेत राहतो, शेतीखात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पेव स्वतः लावलेलं नाही, पण सावलीतल्या क्याऱ्या भरपूर केल्यात, म्हणून मातीबद्दल आणि सावलीबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी सावली. सावली सावलीत फरक असतो. झाडाखालची सावली हलती असते, पानांतून कवडसे पडतात, पण झाडाची मुळं पाणी ओढून घेतात म्हणून ती जागा कोरडी. भिंतीची सावली स्थिर असते, पण वर आभाळ मोकळं असेल तर उजेड चांगला मिळतो आणि ओल टिकते. तुमची दुसऱ्या प्रकारची आहे. पेवासारख्या जंगलातल्या झाडाला ती चालायला हवी.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कर्कवृत्त आपल्या उज्जैनजवळून जातं, इंदूर त्याच्या थोडंसंच दक्षिणेला. त्यामुळे जूनमध्ये भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. जी क्यारी थंडीत दिवसभर काळोखी, तिच्यात मे-जूनच्या दुपारी तास-दीड तास सरळ ऊन उतरतं. तुम्ही बघा उद्या बारा ते दीडच्या दरम्यान. कोवळ्या पानांना पाऊस सुरू होईपर्यंत तेवढा वेळ हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी बांधा. ढग आले की काढून टाका, कारण फुलं धरायला तोच उजेड कामी येईल.

आता माती. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कंदाला दोन्ही वाईट. पावसाळ्यात पाणी कोंडून कंद सडतो, उन्हाळ्यात भेगांतून मुळं तुटतात. कोकणात जांभा आहे, पाऊस कितीही पडो, पाणी निथळून जातं. म्हणजे तुमची खरी अडचण पावसाचे मिलिमीटर नाहीत, निचरा आहे. क्यारी जमिनीपासून नऊ इंच उंच करा, कडेला विटा लावून. खाली विटांचे तुकडे आणि मुरूम, वर अर्धी काळी माती आणि अर्धं पानांचं खत. शेणखत अगदी कुजलेलंच, ताजं बिलकुल नको.

पानांचं खत कुठून आणायचं म्हणाल तर विकत घेऊ नका. आपल्या गावाला त्यात मोठा वारसा आहे. १९२४ मध्ये इथे वनस्पती-उद्योगाची संस्था सुरू झाली, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी उलथून, तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत त्यांनी तिथेच बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. १९३१ साली त्यावरचं पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासोबत लिहिलं. वाडांचं नाव फार थोडे लोक घेतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. तेव्हा कॉलनीत झाडलेली पानं जाळू नका आणि कचरागाडीत देऊ नका, कोपऱ्यात साठवा. आज सुरुवात केलीत तर ऑगस्टपर्यंत खत तयार. यंदापुरतं कोणाकडून मागून घ्या, हवं तर माझ्याकडून दोन गोणी न्या.

---

बाल्कनीतली_बाग
११ मे, सकाळी ८:०५

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. सावलीसाठी इतकी सोपी झाडं आहेत: झेडझेड, सिंगोनियम, मनीप्लांट, नेफ्रोलेपिस फर्न. वर्षभर हिरवी राहतात. पेव म्हणजे सहा महिने झाड आणि सहा महिने उघडी माती. चार फुटांच्या जागेत एवढी हौस परवडते का?

---

रानवाटा_सातपुडा
११ मे, सकाळी १०:३०

@बाल्कनीतली_बाग, तुमचं सोपेपणाचं म्हणणं खरंय, पण मला ते पटत नाही. ही बहुतेक झाडं आपल्याकडची नाहीत. त्यांच्यावर इथली फुलपाखरं अंडी घालत नाहीत, भुंगे फिरकत नाहीत. हिरवा रंग तेवढा मिळतो. ज्यांना ऋतू बघायचाय त्यांनी सहा महिने उघडी माती बघायचीही तयारी ठेवावी. ती माती रिकामी नसते, खाली कंद असतो.

@आंबोलीची_वाट ताई, तुम्ही पेवाला कोकणातली पाहुणी समजताय, तसं नाही. मध्य प्रदेशातही ते रानात आहेच. पचमढीला पावसाळ्यात जा, ओढ्याकाठच्या ओल्या सावलीत, साजा-हरड्याच्या खाली उभं दिसेल. तिकडे त्याला केवकंद म्हणतात, संस्कृतात केमुक. म्हणजे तुम्ही माहेरचं झाड सासरी आणताय असं वाटत असलं तरी ते सासरी आधीपासूनच नांदतंय.

एक विनंती. पचमढीहून किंवा कुठल्याही राखीव जंगलातून कंद उकरून आणू नका. १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहेच. पण माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो, एका ओढ्याकाठी वीस-पंचवीस रोपांचा ताटवा होता, औषधाला म्हणून लोकांनी खणून नेला, आता तिथे नुसती घाणेरीची झुडपं आहेत. कोणाच्या घरच्या बागेतला कंद मागा.

---

सराफ्याची_रात्र
११ मे, दुपारी १:१५

"सासरी आधीपासूनच नांदतंय" वा! रानवाटादादा, मनापासून दाद.

---

विश्वामित्रीकाठ
११ मे, दुपारी ४:५०

बडोद्याहून. आमच्याकडे सावलीत कळलावी लावलीय, तीही रानातलीच आणि फूल पेवापेक्षा देखणं. पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या, पिवळ्या-लाल. पानाच्या टोकालाच वळणारा तंतू असतो, त्यानेच ती जाळीला पकडून चढते. तामिळनाडूचं राज्यफूल आहे. ताई, तिचाही विचार करा.

---

माळवी_माती
११ मे, संध्याकाळी ६:२०

@विश्वामित्रीकाठ, फूल सुंदर आहेच, पण ज्या घरात लहान मुलं, मांजर, कुत्रं आहे तिथे मी कळलावी लावू देत नाही. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं, कंदातही, आणि कंद रताळ्यासारखा दिसतो. आमच्या ओळखीत एका घरी माळीकाकांनी उकरलेले कंद ओट्यावर धुऊन ठेवले होते. सूनबाईंनी वेळीच विचारलं म्हणून बरं. शिवाय तिला वरून ऊन लागतं, पाय सावलीत आणि डोकं उजेडात अशी वेल आहे ती. या क्यारीत नुसती उंच जाईल, फुलणार नाही.

---

विश्वामित्रीकाठ
११ मे, संध्याकाळी ७:००

काका, हे कंदाचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे नातू दर सुट्टीत येतो. आज रात्रीच जाळीला पाटी लावतो आणि क्यारीभोवती कुंपण करतो. मनापासून आभार.

---

आंबोलीची_वाट
१९ मे, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. क्यारीत खरंच दुपारी बारा चाळीस ते दोन सरळ ऊन येतंय! दोन वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गुलाब मेले तेव्हा मी सगळा दोष सावलीला दिला होता.

आता एक दुःख. परवा शहराबाहेरच्या एका नर्सरीत गेले. केवकंद मागितलं, त्यांनी "हेच ते, शुगरवालं" म्हणून तीन कुंड्या दिल्या, साडेचारशे रुपये घेतले. घरी आणल्यावर पानं बघून मन खात होतं. आमच्या पेवाच्या पानाची पाठ मखमलीसारखी लागायची, मी लहानपणी गालाला लावायचे. हे पान गुळगुळीत, चकचकीत. एका कुंडीत फूल आहे ते केशरी. हे पेव नव्हे ना?

---

रानवाटा_सातपुडा
२० मे, सकाळी ७:२५

नाही, ताई. तुमच्या गालाने बरोबर ओळखलं. ते इन्सुलिन प्लांट, मूळचं ब्राझीलकडचं. दोन्ही एकाच कुळातली म्हणून घोटाळा होतो, आणि नर्सरीवाले बहुतेक वेळा स्वतःच फसलेले असतात.

खरं पेव असं ओळखा. खोड थोडं पिळवटलेलं आणि पानं त्याच्याभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकेक वर चढत जातात. पानाच्या खालच्या बाजूला रेशमी लव. खोडाच्या शेंड्याला लाल कणीस, त्यातून पांढरी फुलं, गळ्याशी पिवळसर. फुलं एकदम सगळी येत नाहीत, रोज एक-दोन. फळात काळ्या बिया, त्यांना पांढरा गर चिकटलेला. उंची माणसाएवढी, कधी जास्तही, तेव्हा क्यारीत मागच्या ओळीत लावा.

अजून एक घोटाळा आहे. याचं शास्त्रीय नाव बरीच वर्षं कॉस्टस होतं, आता हेलेनिया म्हणतात. त्यामुळे काही दुकानांत आयुर्वेदातलं 'कोष्ठ' म्हणून हेच दाखवतात. ते कोष्ठ हिमालयातलं वेगळंच झाड आहे, सूर्यफुलाच्या कुळातलं. नावावर भरवसा ठेवून कोणी कंद पोटात घेऊ नका. हे शुगरच्या धाग्यांवर फिरतं म्हणून लिहितोय.

---

बाल्कनीतली_बाग
२० मे, सकाळी ९:४०

ताई, इन्सुलिनच्या त्या कुंड्या टाकू नका, मला द्या. मी सुदामा नगरात आहे. पैसे देते.
आणि त्या दिवशी मी जरा तोडून बोलले. मखमलीचं वाचून मलाच पेव बघायची ओढ लागलीय.

---

आंबोलीची_वाट
७ जून, रात्री ८:३०

कंद आले! आईने परसातले पाच तुकडे पाठवले. माझा भाऊ पुण्याला येणार होता, तिथून माझी नणंद रात्रीच्या बसने घेऊन आली. ओल्या गोणपाटात, वर केळीचं पान, वर वर्तमानपत्र. दोन तुकड्यांवर डोळे फुटायला लागलेत, बोराएवढे, जांभळट. एका तुकड्याचं टोक मऊ पडलंय.

काकांनी सांगितली तशी क्यारी उंच केलीय. खताच्या दोन्ही गोणी काकांकडूनच आणल्या. काकूंनी पोहे खायला घालूनच सोडलं. आता कंद किती खोल लावायचे?

---

माळवी_माती
७ जून, रात्री ९:१५

खोल नको. दोन ते अडीच इंच, डोळे वरच्या बाजूला, दोन तुकड्यांत दीड-दोन फूट अंतर. मऊ टोक स्वच्छ सुरीने पांढरं-कडक लागेपर्यंत कापा, कापावर राख चोळा, एक दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. लावल्यावर एकदाच पाणी, त्यानंतर कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर. नळाला एक दिवसाआड पाणी येतं म्हणून लोक त्या दिवशी सगळ्या कुंड्या भरभरून ओततात, तसं करू नका.

---

स्नेहलतागंज_जुना_वाडा
१२ जून, सकाळी ११:००

आम्ही चार वर्षांपासून पेव वाढवतोय, धागा आज दिसला. माझे दोन शब्द. कंद कमी असतील तर खोडापासूनही रोपं होतात. पावसाळ्यात खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून ओल्या वाळूवर आडवे ठेवा, अर्धे बुडतील असे. काही आठवड्यांनी पेरांतून कोंब येतात. आमचे निम्मे जगले.

आणि गोगलगायींकडे लक्ष द्या. पहिल्या पावसानंतर रात्री टॉर्च घेऊन जा. कोवळा कोंब त्यांना फार आवडतो. अंड्याची टरफलं पसरून बघितली, पाऊस पडला की उपयोग शून्य. हाताने वेचणं हाच उपाय. आमच्याकडे सासूबाई आणि मी रोज नऊ वाजता जातो. आता त्यांना वेचायची इतकी सवय झालीय की पाऊस नसला तरी "चल, बघून येऊ" म्हणतात.

---

आंबोलीची_वाट
३ जुलै, सकाळी ७:५०

पाचपैकी तीन उगवले. कोंब बोटाएवढा झाला की पहिलं पान सुरळीतून सुटतं, आणि त्याची कड लालसर असते, हे मी आज पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं. माहेरी कोणी खाली बसून बघत नव्हतं.

---

आंबोलीची_वाट
८ डिसेंबर, दुपारी २:३०

मंडळी, धागा वर काढतेय. पावसाळ्यात झाडं छातीएवढी झाली, फूल मात्र एकही नाही. आणि आता महिनाभरात पानं पिवळी पडून खोडं लोळली. मी रोज पाणी घालतेय, तरी काहीच फरक नाही. थंडीने मेली का? रात्री पारा दहाच्या खाली जातोय.

---

स्नेहलतागंज_जुना_वाडा
८ डिसेंबर, दुपारी २:४१

पाणी बंद करा! आज, आत्ता!

---

स्नेहलतागंज_जुना_वाडा
८ डिसेंबर, दुपारी ३:०५

घाईत लिहिलं, आता नीट लिहिते. पेव मेलेलं नाही, झोपलंय. पावसाळा संपला की खोडं वाळणं हा त्याचा स्वभाव. पहिल्या वर्षी मीही असंच रोज पाणी घातलं आणि जानेवारीत उकरून बघितलं तर कंदांचा चिखल झालेला. सात कंद गेले. सासूबाईंनी त्यांच्या मैत्रिणीकडून जपून आणलेले होते, मला त्यांच्यासमोर उभं राहवेना.

वाळलेली खोडं जमिनीलगत कापा, क्यारीवर चार बोटं पाचोळा पसरा, महिन्यातून एकदा हलका शिडकावा. मातीत खूण म्हणून काड्या रोवून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये कोणीतरी रिकामी जागा समजून तिथे मिरची लावतं. पहिल्या वर्षी फूल न येणंही नेहमीचं. कंद आधी अंग धरतो.

---

माळवी_माती
८ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

पूर्ण सहमत. मी ही गोष्ट आधीच लिहायला हवी होती, राहून गेली. ताई, बोटाने एका कंदाजवळची माती थोडी बाजूला करून दाबून बघा. कडक लागला तर झाकून टाका आणि जूनपर्यंत विसरा.

---

आंबोलीची_वाट
८ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

कडक आहे. तिन्ही कडक आहेत. हात थरथरत होते उकरताना. पाणी बंद.

---

आंबोलीची_वाट
११ जून, सकाळी ६:४०

सहा महिने नुसत्या काड्या बघितल्या. घरच्यांनी दोनदा विचारलं की इथे काय लावायचंय. मेच्या शेवटी एक वळवाचा पाऊस झाला आणि आज सकाळी मोजले तर चौदा कोंब. तीन काड्यांच्या जागी चौदा!

---

सराफ्याची_रात्र
११ जून, सकाळी ९:२०

पेव फुटलं म्हणा की, ताई! :)

---

आंबोलीची_वाट
२४ ऑगस्ट, सकाळी ८:१५

आज फूल आलं.

साडेसहाला गेले तेव्हा लाल कणसातून नुसती पांढरी गुंडाळी बाहेर आली होती. चहा ठेवून परत आले तोवर उघडलं होतं. हात लावला तर तसंच, ओल्या मलमलीसारखं, आणि गळ्याशी पिवळं. सात वाजता एक काळा भुंगा आला, पूर्ण आत शिरला, फूल त्याच्या वजनाने वाकलं, आणि तो पाठीला पांढरी भुकटी लावून बाहेर आला. माझी लेक आठ वर्षांची आहे. ती म्हणाली, "आई, हे तू सांगायचीस ते पदराचं फूल का?" आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने फुलापेक्षा क्यारीच जास्त वेळ बघितली, म्हणाली, "माती चांगली केलीस गो."

फोटो देतेय. धाग्याच्या सुरुवातीलाच कबूल केलं होतं.

---

रानवाटा_सातपुडा
२४ ऑगस्ट, सकाळी ८:५०

फोटो बघितला, ताई. हेच ते. कणीस वाळेपर्यंत कापू नका, बिया धरतील. मुंग्या त्या बियांवरच्या पांढऱ्या गरासाठी येतील, त्यांना येऊ द्या.

---

बाल्कनीतली_बाग
२४ ऑगस्ट, सकाळी ११:३०

ताई, एक तुकडा मला मिळेल का? उत्तरेची गॅलरी आहे, मोठं टब आणून ठेवलंय, पानांचं खतही तयार आहे.

---

आंबोलीची_वाट
२४ ऑगस्ट, दुपारी १२:०५

आता नाही, आता ते फुलावर आहे. खोडं वाळली की डिसेंबरात या, घमेलं घेऊन. दोन डोळ्यांचा कंद काढून ठेवते तुमच्या नावाने.